पत्रिकेची पीडीएफ

आमच्या घराण्यात कागदाचं काहीही निघालं की फोन मला येतो. कुणाला वास्तुशांतीचं निमंत्रण करायचं असतं, कुणाला सोसायटीची नोटीस, कुणाच्या मुलाचा बायोडेटा. "तू जरा पीडीएफ करून दे ना" हे वाक्य मी इतक्या आवाजांत ऐकलंय, की पुढचा माणूस नुसता "काय गं, कशी आहेस?" म्हणाला तरी मी कॉम्प्युटर सुरू करते. कुरकुरत करून देते, पण झकास करून देते. खोटा विनय मला जमत नाही. या एका कामात मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतच्या आमच्या नातेवाइकांत माझा हात धरणारं कोणी नाही.

शिकले मात्र चिडून. अंधेरीच्या ज्या ऑफिसात मी नोकरी केली तिथे सगळं सॉफ्टवेअर विकतचं होतं. घरच्या कॉम्प्युटरसाठी तेवढा खर्च मला झेपण्यासारखा नव्हता आणि कुणाकडून तरी चोरून आणलेलं टाकणं पटत नव्हतं. म्हणून मग फुकट मिळतं ते ऑफिस सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. ऑफिसातल्यांनी नाकं मुरडली. फुकटचं म्हणजे त्यात काहीतरी खोट असणार, असं आपल्याकडे धरूनच चालतात. मला तरी त्यात खोट सापडली नाही. फुकटचा एक सुंदर देवनागरी फॉन्टही मिळाला, त्यातला 'श्र' बघून मी खूश झाले. वरच्या पट्टीत एक छोटं बटण होतं, ते दाबलं की आपलं डॉक्युमेंट पीडीएफ होऊन बाहेर पडायचं. त्या बटणाला मी बरेच दिवस हातच लावला नव्हता.

ते दाबायची वेळ सोसायटीने आणली. पाण्याची टाकी साफ करायची आहे, सकाळी पाणी येणार नाही, एवढीच नोटीस होती. मी ती टाइप करून ग्रुपवर टाकली, नुसती डॉक्युमेंट फाइल. दुसऱ्या विंगमध्ये जाईपर्यंत कुणीतरी सकाळची दुपार करून टाकली. तिसऱ्या विंगमध्ये खाली पार्किंगची तक्रार जोडली गेली. शेवटी एका काकांच्या फोनवर ती उघडली तेव्हा वेलांट्या भलतीकडे जाऊन बसल्या होत्या आणि अर्ध्या अक्षरांच्या जागी चौकोन आले होते. काकांनी मला जिन्यात गाठलं. "हे काय पाठवलंय? कोडं आहे का?" आणि त्याच्या खाली नाव माझं! घरी आले आणि ते बटण दाबलं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. डॉक्युमेंट फाइल पाठवणं म्हणजे आमटी गॅसवर ठेवून दार उघडं टाकून बाजारात जाणं. येणारा जाणारा डाव घालणार, मीठ टाकणार. पीडीएफ म्हणजे ताट वाढून समोर ठेवलं. आवडलं तर खा. फॉन्ट तिच्या पोटातच बांधलेला असतो, त्यामुळे समोरच्याच्या फोनला मराठी येवो न येवो, जोडाक्षर जोडलेलंच राहतं. इंटरनेटवर फाइल चढवा आणि पीडीएफ घ्या, असं सांगणाऱ्या साइटही पुष्कळ आहेत. मी तिकडे फिरकत नाही. घरच्या घरी होत असताना आपल्या माणसांची नावं आणि पत्ते परक्याच्या दारात कशाला नेऊन ठेवायचे? मी हे सगळ्यांना सांगत असते. सगळे मान डोलावतात आणि पुन्हा मलाच फोन करतात.

माझ्या या सगळ्या हुशारीची कसोटी लागली ती भाचीच्या लग्नात.

आम्ही तीन भावंडं. दादा थोरला, बोरिवलीला राहतो. मग मधला भाऊ, आणि मी शेंडेफळ. वडील गिरणीत होते. गिरणी गेली, घाटकोपरचं घर राहिलं, ते मधल्या भावाकडे आलं. भाऊ गेला तेव्हा त्याची मुलगी तिसरीत होती. आजारपण असं काही झालंच नाही. कामावरून आला, छातीत दुखतंय म्हणाला आणि डॉक्टर यायच्या आत संपलं. वहिनी तेव्हा अगदी तरुण होती. तिने एका हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर नोकरी धरली. त्या खिडकीत बसून तिने मुलीला वाढवलं, शिकवलं, इंजिनिअर केलं. आजही ती तिथेच आहे.

दादाने पाठ फिरवली असं अजिबात नाही. हे आधीच सांगते, नाहीतर वाचणारा त्याला खलनायक ठरवून मोकळा होतो. भाचीच्या कॉलेजच्या ॲडमिशनला उन्हात उभा राहिला तो दादाच. गणपतीला गावी जाताना त्या दोघींची तिकिटं तोच काढायचा. पण घरातल्या कुठल्याही कार्यात वहिनीची जागा मागे. ग्रुप फोटोत ती कडेला, गावच्या देवळात खांबाआड. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. "पुढे ये" असंही कुणी म्हटलं नव्हतं.

भाचीचं लग्न ठरलं. मुलगा कांदिवलीचा, तिच्याच ऑफिसातला. हॉल मुलुंडचा, माझ्या घराजवळचा. छापील पत्रिका हल्ली देवापुरत्या आणि जुन्या माणसांपुरत्या काढतात, बाकी सगळ्यांना फोनवर पीडीएफ. भाची म्हणाली, "आत्या, पत्रिका तू करायचीस. आणि ऐक ना, निमंत्रक म्हणून पहिलं नाव आईचं."

यात एवढं काय, असं कुणाला वाटेल. आमच्याकडे निमंत्रक म्हणजे जोडपं. मुलीचे वडील नसले की काका-काकू. तेच देवकाला बसतात, तेच कन्यादान करतात आणि पत्रिकेत बोलावतातही तेच. मुलीची आई जिवंत, धडधाकट, सगळी खरेदी करून दमलेली असली, तरी ती बोलावणारी नसते. हे असं कुठे लिहिलेलं नाही, म्हणून कुणाला खोडताही येत नाही.

मी लॅपटॉप घेऊन घाटकोपरला गेले. मजकुरासाठी नमुना म्हणून दादाच्या मुलीच्या लग्नाची जुनी पत्रिका वहिनीने जपून ठेवली होती, ती तिने काढून दिली. मी टेबलावर बसले आणि वहिनी समोर डाळिंब्या सोलत बसली.

"वहिनी, पहिलं नाव तुझं टाकतेय."

"वेडी आहेस का? दादांचं टाक. देवकाला ते दोघं बसणार."

"बसू देत ना. विधी त्यांनी करायचे. बोलावणार तू."

"माझं खाली कुठेतरी घाल. घातलंस तरी खूप."

"खाली कुठेतरी म्हणजे? मुलगी काय कुठेतरी वाढली का?" माझा आवाज चढला. माझा आवाज लवकर चढतो.

वहिनीने हात पुसले, ती जुनी पत्रिका उचलली आणि माझ्यासमोर धरली. "यात मी कुठे आहे, सांग."

मी वाचू लागले. दादा, मोठ्या वहिनी, म्हणजे दादाची बायको, मग मामा, मावश्या, मी, माझ्या सासरचे. शेवटी 'आणि समस्त परिवार'.

"त्या समस्तमध्ये मी होते," वहिनी म्हणाली. "पत्रिका आली तेव्हा याच टेबलावर बसून वाचली. मग परत वाचली. मला वाटलं, एखादं पान चिकटलं असेल." तिने पत्रिका मिटून ठेवली. "मला माझं नाव हवंय गं. खोटं कशाला बोलू? माझी एकुलती एक मुलगी आहे, तिच्या लग्नाला या असं मला म्हणायचंय. पण माझ्यापायी घरात भांडण नको."

मी टाइप करायला लागले.

वर गणपती, त्याखाली ग्रामदेवता प्रसन्न. मग मुलीचं नाव, मुलाचं नाव, मुहूर्त, हॉलचा पत्ता, जेवणाची वेळ. खाली निमंत्रक. पहिल्या ओळीत वहिनी एकटी. दुसऱ्या ओळीत दादा आणि मोठ्या वहिनी, मग बाकीचे. वहिनीचं नाव मी बाकीच्यांपेक्षा एक पॉइंट मोठं केलं. तेवढी लबाडी चालते. बटण दाबलं, पीडीएफ तयार झाली. मी ती माझ्या फोनवर उघडून पाहिली, भाचीच्या फोनवर पाहिली, वहिनीच्या जुन्या फोनवरही पाहिली. कुठेही एक काना हलला नव्हता. वहिनी फोन जवळ नेऊन, लांब नेऊन बघत होती.

सकाळी उठल्या उठल्या फॅमिली ग्रुपवर टाकली. सोबत लिहिलं, 'हा कच्चा नमुना आहे. नावं, मुहूर्त, पत्ता नीट तपासून सांगा. कृपया कुणी पुढे पाठवू नका.' पहिलं उत्तर दादाचं आलं, 'खूप छान' आणि जोडलेले हात. त्याच्यामागून सगळ्यांचे हात जोडले गेले. मला वाटलं, मी उगाच घाबरले होते, दादाने समजून घेतलं. माणूस तसा मोठ्या मनाचा आहे. मी लगेच वहिनीला फोन लावला.

"दादाने छान म्हटलंय."

"खरंच?" ती म्हणाली. मग पुन्हा, "खरंच का गं?" तिच्या आवाजात मी असं हसू कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी दादाचा फोन आला. मोठ्या वहिनींनी चष्मा लावून पत्रिका वाचली होती. आमच्या घरात वाचणारं माणूस ते एकच. दादा मुंबईत जन्मला, बोरिवलीत म्हातारा झाला, पण राग आला की थेट मालवणीवर येतो.

"ह्या काय केलंस? माझा नाव दुसऱ्या लायनीत?"

"तू छान म्हणालास ना सकाळी?"

"मी गणपती बघून म्हटलंय! गणपती छान होतो."

"आणि खालचं?"

"खालचा कोण वाचता? खालचा काय आसता ता आमका पाठ आसा!"

हे मात्र खरं होतं. आमच्याकडे पत्रिका कोणी वाचत नाही. आधी गणपती बघतात, मग मुहूर्त, मग जेवण कधी ते. नावं कुठल्या क्रमाने असणार हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं, मग वाचायचं कशाला?

"दादा, विधी सगळे तुम्हीच करणार आहात," मी म्हणाले. "फक्त बोलावणं तिचं."

"गावात लोक काय म्हणतले? थोरलो भाव जिवंत आसा आणि..." मग आवाज उतरला. "बापाशीच्या जागेर मी उभो रवलंय ना इतकी वर्षां? तेचा काय?"

त्याला खरंच लागलं होतं. माझा भाऊ आहे, मला कळतं. पण माझ्याही नाकावर राग. "उभा राहिलास. कोण नाही म्हणतंय? पण बापाच्या जागी उभं राहायला आईला तिथून उठवावं लागतं का रे?"

मग तो म्हणाला, "तू बदलणार नसशील तर मीच बदलतंय," आणि फोन ठेवला. थोड्या वेळाने परत त्याचा फोन.

"ह्या कसा बदलूचा? बोट लावला की नुसता मोठा होता गो!"

"काय मोठं होतं?"

"हिचा नाव!"

मी हसले. हसायला नको होतं. त्याने फोन आपटला.

त्यानंतर वहिनीचा फोन आला. तिच्यापर्यंत मोठ्या वहिनींकडून सगळं पोचलं होतं. "बदल," ती म्हणाली.

"वहिनी, ऐक तरी."

"बदल गं. हात जोडते. लग्न सुखाने होऊ दे. दिवसभर माझं नाव पाहिलं ना मी, झालं समाधान."

मागून भाची ओरडत होती, "आई, तसं असेल तर मला लग्नच नको!" आणि वहिनी तिला गप्प करत होती. समाधान झालेल्या माणसाचा आवाज असा नसतो. पण ज्या बाईचं नाव आहे तीच काढ म्हणते, तेव्हा मी कुणासाठी हट्ट धरून बसायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मूळ फाइल उघडली. वहिनीची ओळ कापली आणि खाली चिकटवली. दादा आणि मोठ्या वहिनी आपोआप वर सरकले. हे काम कॉम्प्युटरवर किती सोपं असतं, याची त्या दिवशी मला चीड आली. बटण दाबलं. सॉफ्टवेअरने विचारलं, याच नावाची पीडीएफ आधीपासून आहे, तिच्या जागी ही ठेवू का? मी नाही म्हटलं आणि वेगळं नाव दिलं. जुनी पुसायला हात धजला नाही. नवी पीडीएफ फोनवर घेतली, ग्रुप उघडला, फाइल जोडली. आता फक्त पाठवायची होती.

तेवढ्यात गावाहून चुलतभावाचा फोन आला. आमचं गावचं घर आणि देवाधर्माचं सगळं तोच बघतो.

"झाला गो काम!"

"कसलं काम?"

"पत्रिकेचा! दादान काल सकाळीच धाडल्यान. म्हणालो, पहिली देवाक ठेव. माका बाजारात जावचाच होता, थयसून रंगीत काढून हाडलंय. काय झकास इली हा! एक अक्षर हललां नाय. आज देवाक ठेवली, गाऱ्हाणा पण घातला."

मी खुर्चीत टेकले. 'पुढे पाठवू नका' असं मी लिहिलं होतं, तेही खालीच. गणपती बघून दादाने आधी मला छान म्हटलं आणि त्याच बोटाने पत्रिका गावाला पाठवून दिली, आणि संध्याकाळी चिडण्याच्या भरात ते विसरूनही गेला.

हे गाऱ्हाणं म्हणजे काय, तर गावातलं कुठलंही कार्य असलं की गुरव देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणं मागतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. लग्नाची पहिली पत्रिका देवाला. आणि एकदा ती देवाच्या पायाशी ठेवली, की तिच्यात काहीही बदलायचं नाही, असा आमच्या घराण्याचा नेम आहे. एकदा देवाला ठेवलेल्या पत्रिकेत हॉलचा रस्ता चुकीचा छापला गेला होता. वडील घरोघर जाऊन खरा रस्ता तोंडी सांगत फिरले, पण पत्रिका त्यांनी बदलली नाही. वडिलांच्या या आठवणीवर कोणी टीका केलेली दादाला खपत नाही.

चुलतभावाने गाऱ्हाण्याचं रेकॉर्डिंग ग्रुपवरच टाकलं. मी आवाज वाढवला.

गुरवाच्या हातात माझी पत्रिका होती. वरची ओळ वाचून त्याने नाव घेतलं. वहिनीचं, तिच्या नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट, देवळात घुमेल असं.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी सून पत्रिका घेवन तुझ्या दारात इली हा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"घोव नसताना चेडवाक वाढवल्यान, शिकवल्यान, आज तेचा लगीन करता हा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या मांडवात काय्येक कमी पडाक देव नको, तिच्या पाठीशी उभो रव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नवऱ्याशिवाय वाढवल्याचं पत्रिकेत कुठे नव्हतं. ते गुरवाने स्वतःच्या मनाने घातलं होतं. गाव सगळं बघत असतं. मी एकटीच टेबलाशी बसून रडले, चांगली हुंदके देऊन रडले. मग डोळे पुसले आणि सकाळी केलेली नवी पीडीएफ फोनमधून काढली, कॉम्प्युटरमधून काढली, कचरापेटीतूनही काढली.

ग्रुपवर एरवी साध्या गुड मॉर्निंगला पन्नास हात जोडले जातात, तिथे कुणी काही लिहीना. सगळे दादाची वाट बघत होते. दुपारी त्याने मलाच फोन केला.

"ऐकलंय," तो म्हणाला.

"मग?"

"मगे काय? देवाक ठेवलेली पत्रिका बदलूची नाय." आणि पुटपुटला, "मीच धाडलंय ना ती."

मला खूप काही बोलता आलं असतं. बोलले नाही. माझ्या हातून असं क्वचितच होतं.

वहिनीला फोन लावला तर ती ड्युटीवर होती. चहाच्या सुट्टीत तिने रेकॉर्डिंग ऐकलं होतं, जिन्याच्या कोपऱ्यात उभी राहून. "गुरवाने माझं पूर्ण नाव घेतलं ना गं?" तिने विचारलं. "की मलाच तसं ऐकू आलं?"

"पूर्ण घेतलं."

"बरं." ती म्हणाली. "ठेवते. लाइन लागलीय इथे," म्हणून तिने फोन ठेवला.

पुढच्या रविवारी मी घाटकोपरला गेले. मोजक्या छापील पत्रिका आल्या होत्या, त्यांच्या पाकिटांना हळदीची बोटं लावत होतो. बेल वाजली. दारात दादा आणि मोठ्या वहिनी. आधी फोन नाही, काही नाही. दादाने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. वहिनीचा चेहरा उतरला. तिला वाटलं, आता समोरासमोर ऐकून घ्यावं लागणार. मलाही तेच वाटलं आणि मी भांडायच्या तयारीने बाह्या सरसावल्या.

वहिनीने चहा आणला. दादाने कपाला हात लावला नाही.

"आमची पत्रिका खय आसा?" त्याने विचारलं.

"तुम्हाला कसली पत्रिका, दादा?" वहिनी गोंधळली. "तुम्ही घरचेच."

"निमंत्रक तू हस ना? मग आमका बोलवक नको? फोनवर इलेली सुकी पत्रिका मी मानूचंय नाय."

आमच्याकडे आमंत्रण करायचं म्हणजे घरच्या बाईला कुंकू लावायचं, पुरुषाच्या हातावर अक्षता ठेवायच्या आणि मग पत्रिका द्यायची. नवरा गेल्यापासून वहिनीने कुणाला कुंकू लावलं नव्हतं. ती बोलावणी करायला गेली, तरी कुंकू लावायला कोणीतरी दुसरी सोबत असायची. बहुतेक वेळा मीच. म्हणून मी सवयीने उठले आणि करंडा हातात घेतला.

मोठ्या वहिनींनी माझं मनगट धरलं. "तू बस," त्या म्हणाल्या. "ती लावेल."

मी करंडा वहिनीच्या हातात दिला. तिने बोट कुंकवात बुडवलं. मोठ्या वहिनींनीच कपाळ पुढे आणलं. कुंकू जरा तिरकं लागलं, त्यांनी ते तसंच राहू दिलं. मग वहिनीने वाटीतल्या अक्षता घेतल्या आणि दादासमोर जाऊन उभी राहिली. दादा उठला. आम्हा सगळ्यांचा थोरला, बसल्या जागेवरून सगळ्यांना हुकूम सोडणारा दादा, दोन्ही हात ओंजळीसारखे पुढे करून उभा राहिला.

"दादा," वहिनी म्हणाली, आणि त्या ओंजळीत अक्षता आणि वर पत्रिका ठेवून पुन्हा म्हणाली, "दादा, माझ्या मुलीचं लग्न आहे. तुम्ही दोघांनी यायचं."

"येतलंव," दादा म्हणाला, आणि त्याने पत्रिका कपाळाला लावली.